द्राक्षाच्या हंगामात जीसीचं इनलेट सांभाळताना

जानेवारी ते एप्रिल या काळात निफाड, दिंडोरी, पिंपळगावकडची निर्यातीची द्राक्षं तपासणीला येतात आणि जीसी-एमएस, म्हणजे अर्कातले पदार्थ वेगळे करून ओळखणारं यंत्र, रात्रंदिवस चालू राहतं. युरोपात ज्या कीटकनाशकाला वेगळी मर्यादा ठरवलेली नाही, त्याला ०.०१ मिलिग्रॅम प्रतिकिलो लागू होते. १ मिलिलिटर अर्कात १ ग्रॅम द्राक्ष धरलं, तर १ मायक्रोलिटरच्या इंजेक्शनमध्ये त्या मर्यादेवर जेमतेम १० पिकोग्रॅम पदार्थ असतो. एवढ्याशा मालातला थोडासा जरी इनलेटमधल्या लायनरच्या (काचेच्या नळीच्या) काचेला चिकटला, तरी पीक (आलेखावरचं त्या पदार्थाचं शिखर) दिसेनासं होतं. म्हणून सातपूर-अंबडच्या लॅबमध्ये नव्याने लागणाऱ्यांनी सॉफ्टवेअरआधी इनलेट, म्हणजे नमुना आत सोडून त्याची वाफ करायची जागा, शिकावं.

सिग्नल पडला की लगेच पाना हातात घेऊ नका. कोणते पीक पडले ते आधी बघा. इंटर्नल स्टँडर्डसकट (प्रत्येक नमुन्यात ठरल्या प्रमाणात घातलेला पदार्थ) सगळेच सारखे खाली आले असतील, तर सिरिंज अडकते आहे किंवा सेप्टम (सुई टोचायची रबरी चकती) गळतोय. एमएसच्या बॅकग्राउंडला २८ (नायट्रोजन) आणि ३२ (ऑक्सिजन) ही वस्तुमानं साधारण चारास एक या प्रमाणात वाढलेली दिसली, तर हवा आत शिरतेय. कॅप्टान, डायकोफॉल, अ‍ॅसिफेट यांसारखे नाजूक पदार्थच घटले किंवा शेपटी काढू लागले (पीक मागे लांबत गेले) आणि बाकीचे ठीक असले, तर लायनर बदलायची वेळ झाली. उशिरा येणारे जड पदार्थ तेवढे कमी झाले, तर कॉलमच्या (पदार्थ वेगळे करणाऱ्या लांब बारीक नळीच्या) तोंडाशी किंवा लायनरच्या तळाशी घाण साचली आहे. २०७ आणि २८१ या वस्तुमानांचे भुताटकी पीक सिलिकोनकडे बोट दाखवतात, आणि त्यात सेप्टमचा चुरा हा नेहमीचा संशयित.

लायनरसाठी एन्ड्रिनची चाचणी सगळ्यात प्रामाणिक. फक्त एन्ड्रिन या कीटकनाशकाचं स्टँडर्ड (माहीत प्रमाणाचं द्रावण) सोडा. एन्ड्रिन तुटून बनणाऱ्या एन्ड्रिन अल्डिहाइड आणि कीटोन यांच्या क्षेत्रफळांची बेरीज तिन्हींच्या एकूण बेरजेच्या १५ टक्क्यांवर गेली, की तो लायनर काढा. सुरुवातीला ५० इंजेक्शनांना लायनर आणि १०० ला सेप्टम असं ठरवा, मग या चाचणीवरून आकडा कमी-जास्त करा. आकडा वहीत हवा. आठवणीवर सोडलात तर ऐन रात्रीच्या बॅचमध्ये फसाल.

उघडताना ओव्हन ४० अंशांखाली, इनलेट ५० अंशांखाली आणि एमएसचं फिलामेंट बंद. मगच गॅस बंद करा. तापलेल्या कॉलममध्ये हवा गेली तर आतला लेप ऑक्सिडाइझ होतो आणि ब्लीड (लेप झिजून येणारा पार्श्वभूमीचा सिग्नल) कायमचं वाढतं. लायनर चिमट्याने, धागे न सुटणाऱ्या हातमोज्यांनी काढा आणि उजेडात धरा. काकवी आटताना कढईच्या कडेला बसतो तसा तपकिरी थर आतल्या ग्लासवूलवर (काचेच्या लोकरीवर) दिसेल, त्यात सेप्टमचे बारीक कण. हा थर ब्रशने खरवडून लायनर पुन्हा वापरायचा मोह होतो, पण खरवडल्याने काचेला निष्क्रिय ठेवणारं डिअ‍ॅक्टिव्हेशन जातं आणि उघड्या काचेवर कॅप्टान आणखी तुटतं. नवा डिअ‍ॅक्टिव्हेटेड लायनरच घाला, सोबत नवी ओ-रिंग. सेप्टमचं नट हाताला हलकं लागेपर्यंतच आवळा. जास्त आवळलं की सुई रबराचे तुकडे कापून आत ढकलते.

सॉल्व्हंटचाही हिशेब करा. २५० अंश आणि १० पीएसआय दाबाला १ मायक्रोलिटर अ‍ॅसिटोनायट्राइलची सुमारे ४९० मायक्रोलिटर वाफ होते, इथाइल अ‍ॅसिटेटची साधारण २६०. लायनरच्या आकारमानात ती मावली नाही तर वाफ मागे गॅसच्या नळीत शिरते, आणि मग कोऱ्या ब्लँकमध्ये (नमुना नसलेल्या इंजेक्शनमध्ये) मागच्या नमुन्याचे पीक येतात.

जड पदार्थ तरीही परतले नाहीत, तर कॉलमचं तोंड १० ते २० सेंटिमीटर कापा. काप सरळ आहे का ते भिंगाखाली बघा. दातेरी असेल तर सगळेच पीक शेपटी काढतात. काम चालू असताना टोक जुन्या सेप्टममध्ये खोचून ठेवा. फेरूलवर (कॉलम बसवताना गळती रोखणाऱ्या कड्यावर) टोक किती मिलिमीटर बाहेर ठेवायचं ते आपल्या यंत्राच्या मॅन्युअलमधूनच घ्या, कारण कंपनीगणिक ते बदलतं. नवी लांबी सॉफ्टवेअरमध्ये टाका, नाहीतर प्रवाह चुकीचा मोजला जातो. त्याच वेळी इनलेटच्या तळाचं सील बदला. स्प्लिट व्हेंटचा (जादा वाफ बाहेर सोडणाऱ्या नळीचा) फिल्टरही तपासा. तो तुंबला की दाब डळमळतो आणि दोष मात्र लायनरवर जातो.

ग्राफाइट-व्हेस्पेल फेरूल काही ओव्हन सायकलनंतर सैल पडतं, ते पुन्हा किंचित आवळा. मग गळती तपासा आणि एक ब्लँक चालवा. नव्या लायनरवर कीटकनाशक नसलेल्या द्राक्षाच्या अर्काची चार-पाच इंजेक्शनं द्या, म्हणजे काचेवरच्या उरल्यासुरल्या सक्रिय जागा झाकल्या जातात. त्यानंतर मॅट्रिक्समध्ये (त्याच कोऱ्या अर्कात) बनवलेलं स्टँडर्ड सोडा. कॅप्टानचं क्षेत्रफळ लागोपाठच्या तीन इंजेक्शनांत जुळलं की नमुने लावा.