महासाथीच्या काळात घरातील ज्येष्ठांची चिंता कशी हाताळावी

ज्येष्ठांची चिंता बहुधा ‘मला भीती वाटते’ अशा शब्दांत बाहेर येत नाही. छातीत धडधडणे, भूक मंदावणे, पहाटे फार लवकर जाग येणे, किरकोळ कारणावरून चिडणे, एकच प्रश्न पुन्हा पुन्हा विचारणे अशा रूपांत ती दिसते. त्यामुळे ते काय बोलतात यापेक्षा त्यांनी काय करणे सोडले, याकडे घरच्यांनी अधिक लक्ष द्यावे.

मात्र प्रत्येक धडधड चिंतेमुळेच होते असे नाही. थायरॉईडचा विकार, हृदयाचे अनियमित ठोके किंवा दम्याची काही औषधे हेही त्यामागे असू शकते. काही तासांत किंवा एक-दोन दिवसांत अचानक भ्रम झाला, वेळ आणि ठिकाण कळेनासे झाले, तर तो संसर्गाचा परिणाम असू शकतो. कोविड-१९ मध्ये काही वृद्धांना ताप नसतानाही असा भ्रम झाला होता. अशा वेळी, आणि धाप लागली तरीही, समजूत घालत न बसता तातडीने डॉक्टरांची मदत घ्यावी.

‘तुम्ही काहीही करू नका, आम्ही सगळे बघतो’ हे वाक्य प्रेमापोटीच येते, पण माझ्या मते चिंता वाढवण्यात त्याचा वाटा मोठा असतो, कारण आजाराबरोबरच स्वतःच्या दिवसावरचा ताबाही हातातून गेल्याची जाणीव त्यातून होते. २०२० मध्ये अनेक देशांत झालेल्या पाहण्यांत तरुणांपेक्षा ज्येष्ठांनीच कमी चिंता नोंदवली होती; म्हणजे केवळ वयामुळे ते अधिक घाबरतात असे धरून चालू नये. म्हणून घरातले एखादे खरेखुरे काम त्यांच्याकडे राहू द्यावे आणि कोणाला भेटायचे, कोणती खबरदारी घ्यायची हे त्यांच्याशी बोलून ठरवावे. आजारी पडल्यास कोणाला बोलवायचे, कोणत्या रुग्णालयात जायचे, आपल्या वतीने निर्णय कोणी घ्यायचा, हे त्यांच्याकडूनच विचारून लिहून ठेवावे. हा विषय अभद्र वाटून टाळला जातो, परंतु न बोललेली भीती रात्री अधिक छळते.

बातम्या दिवसातून एक-दोनदाच, विश्वासार्ह ठिकाणच्या आणि झोपण्यापूर्वी नकोत. दूर राहणाऱ्यांनी ठरलेल्या वेळी फोन करावा. कमी ऐकू येणाऱ्यांना मुखपट्टीमुळे समोरच्याचे ओठ दिसत नाहीत आणि आवाजही दबतो. त्यांचे गप्प राहणे म्हणजे अलिप्तपणा समजू नये. शक्य असेल तेथे व्हिडिओवर बोलावे.

अस्वस्थता वाढल्यास खुर्चीत टेकून बसावे, चार अंक मोजत श्वास घ्यावा, सहा अंक मोजत सावकाश सोडावा आणि हे काही मिनिटे करावे. श्वास रोखून धरू नये. चक्कर आल्यास थांबावे. झोपेसाठी रोज ठरलेल्या वेळी उठणे आणि सकाळी उजेडात बसणे उपयोगी पडते. घरात उरलेली झोपेची गोळी मात्र देऊ नये, कारण अशा अनेक गोळ्यांमुळे वृद्धांमध्ये तोल जाऊन पडण्याचा आणि भ्रमाचा धोका वाढतो. ती आधीपासून चालू असेल, तर डॉक्टरांना न विचारता अचानक बंदही करू नये.

दोन आठवडे उलटूनही उदासी किंवा चिंता हटत नसेल, तर डॉक्टरांना भेटावे. जगणे नको झाल्याचे बोलणे ऐकू आल्यास त्याच दिवशी मदत मिळवावी आणि तोवर त्यांना एकटे सोडू नये. डॉक्टरांकडे जाताना चालू औषधांची यादी आणि झोप, भूक, वागणूक यांत कधीपासून काय बदलले याची नोंद सोबत न्यावी, आणि ती डॉक्टरांना वाचून दाखवण्याची पहिली संधी त्यांनाच द्यावी.