गुडघेदुखीनंतर पुन्हा धावताना

जिना उतरताना गुडघ्याच्या वाटीमागे कळ यायची, बराच वेळ बसून उठलं की गुडघा धरायचा. फिजिओथेरपिस्टनी तपासून ‘रनर्स नी’ असल्याचं सांगितलं. वाटी आणि मांडीचं हाड यांच्यामधल्या सांध्यावर झेपेल त्याहून जास्त भार पडला की हे दुखणं होतं. नुसत्या विश्रांतीने कळ कमी होते, पण भार पेलायची ताकद वाढत नाही. माझा गुडघा सुधारला तो मांडीच्या आणि नितंबाच्या स्नायूंच्या व्यायामाने.

त्यातही पायरीचा व्यायाम. बुटक्या पायरीवर एका पायावर उभं राहायचं, दुसऱ्या पायाची टाच अगदी सावकाश जमिनीला टेकवायची आणि परत वर. समोर आरसा हवाच, कारण गुडघा आत कलतो आणि आपल्याला कळतही नाही. दिसायला सोपं, पण मांडी थरथरते!

मग चालणं-धावणं आलटून पालटून. पावलं आखूड केली, मिनिटाला पडणारी पावलं साधारण ५ ते १० टक्क्यांनी वाढवली. त्याने वाटीवरचा भार खरंच कमी होतो. दुखणं १० पैकी ३ च्या आत असेल आणि दुसऱ्या सकाळी वाढलेलं नसेल, तरच पुढचा टप्पा. उतार बरेच दिवस टाळले. गुडघा सुजला, अडकला किंवा अचानक लचकू लागला, तर मात्र थेट डॉक्टर गाठा.

ध्येयही बदललं. घड्याळ बाजूला ठेवून ५ किलोमीटर न दुखता पळायचं, एवढंच ठरवलं. ते जमलं तेव्हा झालेला आनंद कुठल्याच वेळेच्या विक्रमाने दिला नव्हता. आता १० किलोमीटरची तयारी चालू आहे, आणि पायरीचा व्यायाम अजूनही करते.