कुंपणाची परवानगी आणि १९८६ च्या मुंजीचा फोटो

ग्वाल्हेरला हजिरा भागात, सूफी संत मोहम्मद घौस यांच्या मकबऱ्याजवळ आमचं जुनं घर आहे. पावसात कुंपण कोसळलं, तेव्हा मी सहा फुटी विटांच्या भिंतीसाठी अर्ज केला. तो परत आला.

चूक मापात होती. मकबरा हे संरक्षित स्मारक, त्यामुळे त्याच्याजवळ बांधायला अंतराचा नियम आहे. मी त्याच्या घुमटापासून अंतर मोजलं होतं, १३० मीटर. पण ते मोजायचं संरक्षित क्षेत्राच्या हद्दीपासून, आणि तसं भरलं जेमतेम ८५. म्हणजे आम्ही १०० मीटरच्या प्रतिबंधित पट्ट्यात. तिथे नवं बांधकाम नाहीच. त्यापुढच्या २०० मीटरच्या नियंत्रित पट्ट्यात परवानगी घेऊन ते करता येतं.

मात्र १६ जून १९९२ पूर्वीपासून असलेल्या बांधकामाच्या दुरुस्तीसाठी सक्षम अधिकाऱ्याकडे अर्ज करता येतो. आता पुरावा कुठून आणायचा? आई म्हणाली, "अगं, दादाच्या मुंजीचे फोटो बघ की!" निघालाच! १९८६ चा, मांडवामागे आमचं कुंपण स्वच्छ दिसतंय: दगडी जोतं आणि वर लोखंडी गज. सोबत घरपट्टीच्या जुन्या पावत्या जोडल्या.

दुसऱ्या अर्जात तीच रेषा, तीच उंची, तोच दगड, आणि शब्द 'दुरुस्ती'. मोजमापांसह नकाशा दिला. अर्ज राष्ट्रीय स्मारक प्राधिकरणाकडे जाऊन येतो, त्यामुळे काही महिने धरून चाला. हातात कागद येईपर्यंत गवंड्याला बोलावलं नाही.

खरं सांगते, बुटकं कुंपणच बरं झालं. उंच भिंतीआड तो घुमट गेला असता, तर मलाच सहन झालं नसतं.