पीएचडी करावी का? माझं मत आणि थोडी पूर्वतयारी

"पीएचडी करू का?" असं विचारणाऱ्या बऱ्याच जणांना खरं तर पुढे प्राध्यापकाची नोकरी लागेल का, हे विचारायचं असतं. त्याचं उत्तर आधी देते: बहुतेकांना ती लागत नाही. एका प्राध्यापकाच्या हाताखाली कारकिर्दीभरात कितीतरी जण पीएचडी होतात, पण तो निवृत्त झाला की जागा एकच रिकामी होते. मधे पोस्टडॉकची, म्हणजे पीएचडीनंतरच्या तात्पुरत्या संशोधनाच्या नोकरीची, वर्षं असतात, दोन-तीन वर्षांची कंत्राटं आणि दर वेळी नवं शहर. म्हणून प्राध्यापकी मिळणार नाही असं धरून चाला आणि तरीही ही वर्षं द्यावीशी वाटतात का, ते बघा.

मला वाटली. रसायनशास्त्रात पीएचडी करून मी आज एका कंपनीच्या संशोधन विभागात आहे आणि त्या वर्षांचं मोल मला रोज जाणवतं.

सुरुवातीलाच एका छापून आलेल्या संशोधन-पेपरमधली अभिक्रिया मला पुन्हा करून बघायची होती. कधी यील्ड (हाती येणाऱ्या पदार्थाचं प्रमाण) छान यायचं, कधी जवळजवळ शून्य. उत्प्रेरक नवा आणला, तापमान बदललं, काचेची भांडी पुन्हा पुन्हा धुतली. महिने गेले. शेवटी वहीतल्या नोंदी तारखेनुसार लावल्यावर दिसलं की दमट हवेच्या दिवसांतच सगळं बिघडत होतं. द्रावकात ओलावा शिरत होता आणि उत्प्रेरक निकामी होत होता. द्रावक नीट कोरडं करून, हवेऐवजी नायट्रोजन वायूखाली काम केल्यावर अभिक्रिया बसली. यातून पेपर निघाला नाही; प्रबंधात त्यावर जेमतेम एक परिच्छेद आहे. पण आज एखादी बॅच बिघडली की मी तेच करते: एका वेळी एकच गोष्ट बदलते आणि सगळं लिहून ठेवते. असं महिनोन्‌महिने अडकून राहणं ज्याला सोसवतं, किंबहुना त्यातच ज्याचा जीव रमतो, त्याने पीएचडी जरूर करावी. नुसतं नावापुढे 'डॉ.' लागावं म्हणून करणाऱ्याला ही वर्षं फार जड जातात.

विषयाइतकाच, माझ्या मते थोडा जास्तच, गाईड महत्त्वाचा. गाईड किती प्रसिद्ध आहे यावर जाऊ नका. त्यांचे आधीचे विद्यार्थी किती वर्षांत सुटले, किती जण मधेच सोडून गेले, आता कुठे आहेत, हे त्या विद्यार्थ्यांनाच विचारा. लिहिलेलं प्रकरण किती दिवसांत वाचून परत मिळतं, पेपरवर पहिलं नाव कोणाचं लागतं, हेही विचारा. विचारताना संकोच वाटतो, पण चुकीच्या गाईडकडे अडकल्यावर बाहेर पडणं त्याहून कितीतरी अवघड असतं.

देशागणिक पद्धत बदलते. ब्रिटनमध्ये साधारण 3 ते 4 वर्षं लागतात. अमेरिकेत आधी कोर्सवर्क आणि पात्रता परीक्षा असते, त्यामुळे 5-6 वर्षं सहज जातात; मात्र तिथे अनेक ठिकाणी मधेच थांबलात तर मास्टर्स घेऊन बाहेर पडता येतं. नेदरलँड्स आणि स्वीडनमध्ये पीएचडी करणारे बहुधा विद्यापीठाचे पगारी कर्मचारीच असतात. कुठेही जा, फेलोशिप किंवा पगार नसेल तर कर्ज काढून पीएचडी करू नका, असं मी ठामपणे सांगेन. बरोबरीचे मित्र कमावू लागलेले असतात. त्यात डोक्यावर कर्ज असेल तर अडलेल्या प्रयोगाकडे शांतपणे बघताच येत नाही.

निर्णय होत नसेल तर आधी काही महिने एखाद्या लॅबमध्ये प्रोजेक्ट असिस्टंट म्हणून काम करा. तिथून बाहेर पडलेला एखादा प्रबंध पहिल्यापासून शेवटपर्यंत वाचा, विशेषतः पद्धतीचं प्रकरण, जे सगळे गाळतात. ते वाचताना 'हे असंच का केलं?' असे प्रश्न आपसूक पडू लागले, तर अर्ज करा.