पावसाळ्यात बाईकची चेन घरीच कशी साफ करायची

डिचोली-साखळीकडचा लाल चिखल आणि किनाऱ्याकडची खारी हवा, दोन्ही चेनची वाट लावतात, म्हणून गोव्यात पावसाळ्यात तरी दर ५०० किमीची वाट बघू नका, जोरदार पावसात फिरून आलात की चेन बघाच.

गाडी मेन स्टँडवर, न्यूट्रलमध्ये आणि इंजिन बंद. हे शेवटचं खूप महत्त्वाचं आहे, काही लोक इंजिन चालू ठेवून, गिअर टाकून चाक फिरवत फडकं लावतात, त्यात बोटं जातात हो, कृपया करू नका! चाक हातानेच फिरवायचं.

जुन्या टूथब्रशने रॉकेल लावून कड्यांच्या मधला काळा चिकट थर घासून काढा, पेट्रोल नको, ओ-रिंगवाल्या (कड्यांमध्ये छोट्या रबरी रिंगा असलेल्या) चेनचे रबर खराब होतात. फडक्याने कोरडं पुसा, मग ९० नंबरचं गिअर ऑइल चेनच्या आतल्या बाजूला थेंब थेंब सोडा, म्हणजे चाक फिरताना ते बाहेरच्या बाजूला झिरपतं. थोडं थांबून जास्तीचं पुसून टाका, नाहीतर सगळी धूळ तिथेच चिकटते. टायरवर आणि ब्रेकवर थेंबसुद्धा नको.

आता ढिलाई बघा. खालची चेन मधोमध बोटाने वर-खाली करायची, बहुतेक कम्युटर म्हणजे रोजच्या वापराच्या गाड्यांना २० ते ३० मिमी लागते, तुमच्या गाडीचा आकडा मॅन्युअलमध्ये असतो. जास्त असेल तर मागच्या एक्सलचा नट सैल करून दोन्ही बाजूचे अॅडजस्टर (चेन ताणायचे स्क्रू) सारखेच फिरवा, दोन्ही बाजूच्या खुणा जुळवा, नट परत घट्ट. फार ताणू नका, बेअरिंग जातं.