उन्हाळ्यात ब्रॉयलरच्या खाद्यात प्रथिने किती ठेवाल?

ऊन तापले की पक्षी खाद्य कमी खातात, आठवड्याचे वजन मागे पडते आणि खाद्यातली प्रथिने वाढवावीत असे वाटू लागते. कृपा करून तसे करू नका. पिष्टमय पदार्थ किंवा तेलापेक्षा प्रथिनांच्या पचनात आणि वापरात जास्त उष्णता निर्माण होते. पक्षी आधीच धापा टाकत असतो, त्यात ही भर. शिवाय अंगी न लागलेली प्रथिने युरिक आम्ल होऊन विष्ठेत जातात. पक्षी जास्त पाणी पितो, शेडमध्ये खाली अंथरलेली भुशाची गादी ओली होते, अमोनिया सुटतो, तळपायांना जखमा होतात. सोयापेंडीवरचा खर्च असा गादीत जातो.

पहिले दहा दिवस मात्र हात आखडू नका. या वयात पिल्लाला ऊबच लागते आणि 22 ते 23 टक्के प्रथिनेही. इथे मागे पडलेले पिल्लू पुढे क्वचितच बरोबरी गाठते.

कपात करायची ती तीन आठवड्यांनंतर, फिनिशरमध्ये, म्हणजे शेवटच्या टप्प्याच्या खाद्यात. तिथे प्रथिने साधारण 19 ते 20 टक्के असतात. ती एक-दीड टक्क्याने उतरवता येतात, पण लायसिन, मेथिओनिन आणि थ्रिओनिन ही अमिनो आम्ले (प्रथिनांचे घटक) वरून देऊन भरून काढले तरच. मका-सोयाच्या खाद्यात मेथिओनिन सर्वांत आधी कमी पडते. नुसती पेंड कमी केली तर छाती भरत नाही, पोटात चरबी साठते. पेंडीबरोबर पोटॅशियमही घटते आणि उन्हात ते शरीरातून जातेही जास्त, म्हणून पाण्यातून इलेक्ट्रोलाइट (क्षार) द्या. नवे सूत्र पशुआहार तज्ज्ञाकडूनच बसवून घ्या. पोत्यावरच्या टक्क्यांवर विसंबू नका. तो आकडा नत्राला 6.25 ने गुणून काढतात, त्यामुळे युरियाची भेसळ असलेली पेंडही कागदावर सरस ठरते.

खाद्याची वेळही तितकीच महत्त्वाची. सकाळी दहापासून ऊन उतरेपर्यंत खाद्य बंद ठेवा, गार पाणी मात्र सतत हवे. पहाटे आणि रात्री दिवे लावून खाऊ घाला. सगळे पक्षी एकदम तुटून पडतात, तेव्हा भांडी पुरेशी ठेवा.

खाद्य तीन-चार दिवसांत मिसळत मिसळत बदला. दर आठवड्याला शेडच्या वेगवेगळ्या कोपऱ्यांतले पन्नास पक्षी तोला, खाल्लेल्या खाद्याची नोंद शेजारी लिहा आणि गादी मुठीत दाबून पाहा. मूठ उघडल्यावर ती मोकळी व्हायला हवी. गोळा तसाच राहिला तर आधी पाण्याची गळती शोधा, मग खाद्याकडे वळा.