विलंबित एकतालात मुखडा सहा मात्रा आधीच उचलला जात होता: माझा अनुभव

अंतिम वर्षाच्या मंचप्रदर्शनाआधी स्वतःच्या तयारीचे ध्वनिमुद्रण ऐकले, तेव्हा यमन रागाच्या विलंबित (संथ लयीच्या) ख्यालात आलाप रंगला की मी मुखडा (बंदिशीची समेवर आणणारी सुरुवातीची ओळ) नेमका सहा मात्रा, म्हणजे तालाचे सहा ठोके, आधी उचलतो, हे लक्षात आले. लय वाढवून पाहिली, बोटांवर मात्रा मोजल्या. मोजणीत सूर सुटू लागला आणि मी पुरता वैतागलो.

दोष कानाचा होता. बारा मात्रांच्या एकतालात ‘धागे तिरकिट’ हे तबल्याचे बोल दोनदा येतात, तिसऱ्या-चौथ्या आणि नवव्या-दहाव्या मात्रेवर; मी पहिल्यालाच दुसरे समजत होतो.

प्रथम आठवडाभर आलाप बंद ठेवून, १, ५, ९, ११ या मात्रांवर टाळी आणि ३, ७ वर खाली (टाळी न देता नुसता हात) दाखवत ठेका, म्हणजे तालाचे ठरलेले बोल, तोंडाने म्हटला. मग केवळ षड्ज (सा) लावून सातव्या मात्रेवरचा ‘कत्’ ऐकण्याचा सराव केला, कारण हा बोल आवर्तनात, म्हणजे तालाच्या एका फेऱ्यात, एकदाच येतो (इतकी साधी खूण इतकी वर्षे निसटली होती!). ‘कत्’ ऐकल्याशिवाय आलाप आवरायचा नाही, त्यानंतरच्या तिरकिटला श्वास घ्यायचा आणि बाराव्या मात्रेवर मुखडा उचलायचा, एवढेच ठरवले. शेवटी आधी दोन, मग चार, मग दहा मात्रांचे आलाप जोडले. दहा मात्रांच्या आलापाला मात्र आणखी पंधरा दिवस लागले.